नवा दगडू, जुना शाकाल



स्मृतिव्याख्यान म्हटलं की संत, समाजसुधारक नाहीतर शेतीप्रश्न, अशी एक रीत पडून गेली आहे. मी आज ‘टाइमपास’वर बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर शाळेतल्या पोरांची नाटकं बसवली. तेव्हा ते रागावणार नाहीत असं धरून चालतो. तुमच्यापैकी जे रागावतील त्यांच्यासाठी मधे छत्रपती शिवाजी महाराज येणार आहेत, तोवर धीर धरावा.

एकाच गोष्टीचे दोन-तीन सिनेमे निघतात आणि मधेच नट बदलतो. नाव तेच, बाप तोच, चाळ तीच. माणूस मात्र दुसरा. नाटकवाले याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात आणि फारसं मनाला लावून घेत नाहीत, कारण त्यांना दौरे करायचे असतात. प्रेक्षक मात्र मनाला लावून घेतो. ‘पहिल्याची सर नाही’ असं म्हणत तो थिएटरातून बाहेर पडतो आणि चहाच्या गाड्यावर त्याचा विषय संपतो. माझा तिथून सुरू होतो. ‘सर नाही’ म्हणजे नेमकं काय झालं? नवा नट कमी पडला, की पात्रच वेगळं झालं?

आधी तारखा सांगतो. रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४ ला लागला. नव्वदच्या दशकातली मुंबई, शाळेत गटांगळ्या खाणारा दगडू परब आणि लेल्यांच्या घरात शिस्तीत वाढलेली प्राजक्ता. दगडू झाला होता प्रथमेश परब, प्राजक्ता केतकी माटेगावकर. सिनेमा तुफान चालला. १ मे २०१५ ला दुसरा भाग आला. तोवर गोष्टीत बरीच वर्षं उलटली होती, दोघं मोठे झाले होते, म्हणून नटही बदलले. प्रियदर्शन जाधव दगडू झाले आणि प्रिया बापट प्राजक्ता. पुढं २९ जुलै २०२२ ला तिसरा भाग आला. त्यात गोष्ट पुन्हा मागं गेली, पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या काळात, आणि दगडूही पुन्हा प्रथमेशच. या वेळी त्याच्या जोडीला हृता दुर्गुळे, पण ती प्राजक्ता नाही, पालवी नावाची निराळीच मुलगी.

म्हणजे बघा, तिसऱ्या भागात आपण ज्याला कॉलेजात बागडताना बघतो त्याचं पुढं काय होणार हे आपल्याला माहीत आहे, कारण त्याच्या सात वर्षं आधी ते आपण पाहिलंय. मात्र ते भविष्य दुसऱ्याच चेहऱ्याचं आहे. हा पोरगा मोठा झाल्यावर प्रियदर्शन जाधव होणार, हे मनात ठेवून तिसरा भाग बघणारा प्रेक्षक मला अजून भेटायचाय. ती गाठ आपण मनातल्या मनात सोडून देतो. दुसरा भाग जणू एखाद्या दूरच्या चुलतभावाचा होता, अशा सोयीनं आपण तिसरा बघतो.

यात एक गंमत आहे. पहिल्या ‘टाइमपास’च्या लेखनात रवी जाधव यांच्याबरोबर प्रियदर्शन जाधव होते. दगडूच्या तोंडी जी भाषा आली, ती घडवण्यात ज्या माणसाचा हात होता, तोच माणूस दुसऱ्या भागात दगडू झाला. मग तर पात्र त्याच्यात जास्त नेमकं उतरायला हवं होतं. लेखकाइतका आपल्या पात्राला कोण ओळखतो?

पण तसं झालं नाही, आणि इथंच मला प्रथमेश परबचं मोठेपण कळतं. त्याच्या दगडूला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नाही. तो आई-बाबांच्या जोडीला साईबाबांची शपथ घेतो, ती मनापासून घेतो. हसतो तो प्रेक्षक. (साईबाबांचं जन्मस्थान म्हणून आपली पाथरी नाव सांगते; तेव्हा परभणी जिल्ह्यात त्या शपथेला दोन टाळ्या जास्त पडल्या असतील तर नवल नको.) प्रियदर्शन जाधव हे विनोदाचे जाणते नट आहेत. वाक्य सुटायच्या आधी त्यांच्या डोळ्यात ते पोचलेलं असतं. त्यांच्या दगडूला माहीत आहे की आता हशा येणार. पहिल्या भागात जे पोरगं टोमणा मारताना स्वतःच घाबरलेलं असायचं, ते दुसऱ्या भागात टोमणा मारून थांबतं, हशाला वाट करून देतं. शब्दांची जात तीच, पण भोळेपणा गेला आणि हुशारी आली. माणूस मोठा झाल्यावर असंच होतं, असंही म्हणता येईल. माझी काही हरकत नाही. मात्र हे लेखकानं ठरवलं की नटाच्या शरीरानं परस्पर करून टाकलं, हे सांगणं अवघड आहे. मला तरी दुसरं खरं वाटतं.

प्राजक्ताचं याच्या उलट झालं. केतकी मुळात गायिका. तिच्या प्राजक्ताचा आवाज हलका, मान खाली. ती बंड करते तेही जणू परवानगी मागून. प्रिया बापट पडद्यावर आल्या आल्या कळतं की ही बाई परवानगी मागणार नाही. आपल्या नकळत गोष्टीचा काटा हलला. पहिल्या भागात दगडू प्राजक्ताला तिच्या घरातून बाहेर खेचत होता. दुसऱ्यात तीच त्याच्यापेक्षा जास्त जाणती वाटते. पटकथेत हे किती होतं कोण जाणे, पण पडद्यावर दिसतं ते असं.

आणि तरीसुद्धा दुसऱ्या भागात आपण उठून गेलो नाही. दोन्ही प्रमुख चेहरे बदलले असताना आपण ‘हा दगडू, ही प्राजक्ता’ हे मान्य केलं. ते कुणाच्या जोरावर?

वैभव मांगले यांच्या जोरावर. प्राजक्ताचे वडील माधव लेले, म्हणजे दगडूच्या भाषेत शाकाल. ‘शान’मधल्या खलनायकाचं नाव पोरांनी एका शिस्तप्रिय बापाला चिकटवलं आणि ते तिन्ही भागांत टिकलं. मांगले तिन्ही भागांत तेच राहिले. तसेच दगडूचे वडील झालेले भाऊ कदमही. दुसऱ्या भागात लेले समोरच्या माणसाकडं बघतात, कपाळावर तीच आठी, ओठ तसेच आवळलेले, आणि त्या नजरेच्या टोकाला जो कोणी उभा आहे तो आपोआप दगडू होतो. एवढा तिरस्कार हा गृहस्थ दुसऱ्या कुणाचा करूच शकत नाही! भाऊ कदम ज्या वैतागानं आणि मायेनं ‘आपलं पोरगं’ म्हणून एखाद्याकडं बघतात, तो त्यांचा पोरगाच असला पाहिजे. नव्या नटाला दगडूपण दिलं ते या दोघांनी.

माझं म्हणणं एवढंच आहे. नट बदलला की पात्राचा स्वभाव बदलतो, तो रोखता येत नाही. पण त्या पात्राची ओळख त्या नटाकडं नसतेच. ती त्याच्याकडं बघणाऱ्यांकडं असते.

हे मी सिनेमावरून शिकलो नाही, गोंधळावरून शिकलो. परभणीत गोंधळाबद्दल सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे. गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम यांचं हे गाव. तुम्ही डोळ्यांसमोर एक रात्र आणा. लग्नघर, अंगणात चौक भरलेला, दिवटी पेटलेली, संबळ आणि तुणतुणं. नायक आख्यान लावतो. राजा तोच, राणी तीच, वाटेत भेटणारा साधूही तोच. उपरण्याचं टोक डोक्यावरून घेतलं की राणी, खांद्यावर टाकलं की राजा. पण उपरणं पुरत नाही. त्याच्या शेजारी उभा असलेला साथीदार बघा. नायकानं टोक डोक्यावर घेतलं की हा एक पाऊल मागं सरतो, आवाज खाली आणतो, ‘बाईसाहेब, एवढ्या रात्री कुठं निघालात?’ असं काहीतरी विचारतो. त्या प्रश्नानं राणी उभी राहते. पुढच्या क्षणाला उपरणं खांद्यावर गेलं, की हाच साथीदार कंबरेत वाकतो, आणि राजा आला. कधी नायकाच्या हातून उपरण्याचं टोक निसटतं, तरी बिघडत नाही. साथीदार वाकला म्हणजे राजाच. मात्र साथीदार झोपेला आलेला असला तर नायकानं कितीही उपरणी बदलावीत, अंगणात एक घामाघूम गोंधळीच दिसतो.

साहेबांच्या देशातही हेच तंत्र चालतं, फक्त खर्च जास्त. जेम्स बाँडचे सिनेमे १९६२ पासून निघताहेत. शॉन कॉनरी, मग १९६९ च्या एका सिनेमापुरता जॉर्ज लेझनबी, पुन्हा कॉनरी, मग रॉजर मूर. या तिघांच्या चालण्या-बोलण्यात काडीचं साम्य नाही. कॉनरीचा बाँड अंगावर येतो, मूरचा एक भुवई उचलून विनोद करतो. पण ऑफिसात शिरल्यावर टेबलामागं बसलेली मनीपेनी तीच. लोइस मॅक्सवेल या बाईंनी १९६२ ते १९८५ अशी तेवीस वर्षं ती भूमिका केली. ती ज्याच्याशी लाडिक भांडते तो बाँड, एवढं साधं गणित. पुढं तर बाँडवाल्यांनी कमालच केली. जुडी डेंच यांनी पिअर्स ब्रॉस्ननच्या काळात बाँडची वरिष्ठ अधिकारी केली होती. २००६ मध्ये डॅनिअल क्रेग आला, आणि त्या सिनेमात बाँड नुकताच नोकरीत बढती मिळालेला, नवखा दाखवला. म्हणजे गोष्ट नव्यानं सुरू. पण अधिकारी मात्र जुडी डेंचच! काळाचा मेळ बसत नाही. कुणी तक्रार केली नाही, कारण त्या बाईंनी क्रेगकडं ज्या कपाळाला आठ्या घालून बघितलं, त्यात तो बाँड असल्याचा शिक्का होता.

आपल्याकडं ‘दे धक्का’ घ्या. पहिला २००८ चा, दुसरा २०२२ चा. मधल्या चौदा वर्षांत जाधवांच्या घरातली मुलगी सायली मोठी झाली, आणि गौरी वैद्यच्या जागी गौरी इंगवले आली. किती जणांच्या लक्षात आलं? मकरंद अनासपुरे बाप, शिवाजी साटम आजोबा, सिद्धार्थ जाधव मामा. एवढं भांडकुदळ घरदार जिला आपली म्हणतं ती आपलीच. यावर जास्त बोलण्यासारखं नाही, पुढं जाऊ.

आता तुम्ही म्हणाल, शेजारी कुणीच नसेल तर? एकपात्री प्रयोगाचं काय? आपल्या मराठवाड्यानं या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. एक माणूस, बावन्न पात्रं, खेड्यातलं अख्खं वऱ्हाड विमानात. २००९ साली देशपांडे सर गेले. त्यानंतर संदीप पाठक यांनी हा प्रयोग उचलला, तेही मराठवाड्याचेच, माजलगावचे. ही रिप्लेसमेंट साधी नव्हे. इथं एक पात्र बदललं नाही, एकाच दिवशी बावन्न बदलली. नवरदेव बदलला, त्याचा बापही बदलला आणि त्या दोघांकडं बघणारी सगळी गल्लीही बदलली.

म्हणून हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाईल असं मला आधी वाटायचं. पण प्रयोग नीट बघितला की कळतं, नट बोलताना सारखा कुणाकडं तरी बघत असतो. उजवीकडं मान करून काका पुतण्याला झापतो, तेव्हा पुतण्याची उंची त्या नजरेनं ठरते. मग नट वळतो, मान वर करतो, आणि पुतण्या होऊन त्याच उंचीवरून उत्तर देतो. बघणारा आणि ज्याच्याकडं बघायचं तो, दोघं एकाच अंगात. देशपांडे सर उतारवयात प्रयोग करायचे तेव्हा त्या वऱ्हाडाकडं बघणारी मूळ नजर प्राध्यापकाची होती, गाव सोडून शहरात आलेल्या आणि गावावर जीव असलेल्या माणसाची. पाठक त्यांच्याहून पिढीभरानं लहान. त्यांच्या प्रयोगात मला ती नजर वऱ्हाडातल्याच एका चुणचुणीत पोराची वाटते, जो मागच्या सीटवर बसून सगळ्यांच्या नकला करतोय. संहिता तीच राहते, पण कुणी कुणाकडं बघायचं ते बदलतं आणि बावन्नच्या बावन्न माणसं थोडी थोडी सरकतात. दोन्ही प्रयोग मला आवडतात. त्यांची तुलना करणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही.

कबूल केल्याप्रमाणं महाराजांकडं येतो.

दिग्पाल लांजेकर यांनी शिवकाळावर सिनेमांची मालिकाच लावली. ‘फर्जंद’ २०१८ मध्ये, ‘फत्तेशिकस्त’ २०१९ मध्ये, ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ २०२२ मध्ये, ‘सुभेदार’ २०२३ मध्ये. पाचही ठिकाणी महाराज चिन्मय मांडलेकर, पाचही ठिकाणी जिजाऊ मृणाल कुलकर्णी. बाकी मंडळींची मात्र अदलाबदल. ही अदलाबदल सिनेमापेक्षा जुन्या नाटक मंडळीची आहे. अंकित मोहन ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी, ‘फत्तेशिकस्त’मध्ये येसाजी कंक, ‘पावनखिंड’मध्ये रायाजी बांदल. अजय पूरकर फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजीप्रभू म्हणून घोडखिंडीत पडले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तानाजी म्हणून सिंहगडावर. एकच माणूस दीड वर्षात स्वराज्यासाठी दोनदा धारातीर्थी पडला, आणि दोन्ही वेळा आपण डोळे पुसले. हे मला फार मराठी वाटतं. तमाशाच्या फडात आणि गणपतीतल्या नाटकात आपण हेच करत आलो आहोत. कालचा खलनायक आज साधू झाला तर आपण त्याला नमस्कार करतो.

बहिर्जी नाईकांचं तर विचारूच नका. ‘फर्जंद’मध्ये प्रसाद ओक, ‘फत्तेशिकस्त’मध्ये हरीश दुधाडे. चेहरा पार वेगळा. पण ज्याचं कामच वेष पालटून फिरणं, त्याचा नट बदलला म्हणून तक्रार कोण करणार? उलट बहिर्जींचा चेहरा दर सिनेमात तोच राहिला असता, तर मोगलांचे हेर फारच मठ्ठ म्हणायला हवेत.

महाराजांच्या चेहऱ्याची गोष्ट याहून वेगळी आहे. १९५२ च्या भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’मध्ये चंद्रकांत मांडरे महाराज झाले होते. तिथपासून आजवर कितीतरी नटांनी ते केले. अमोल कोल्हे यांनी २००८ च्या मालिकेत महाराज केले, नंतरच्या मालिकेत संभाजीराजे केले, आणि २०२२ च्या ‘शिवप्रताप गरुडझेप’मध्ये पुन्हा महाराज. बापही तेच, लेकही तेच. आपलं काही अडलं नाही. कारण जिरेटोप, दाढी, कपाळावरचं गंध, कवड्यांची माळ ही सगळी खूण आपल्या मनात पक्की आहे. नट फक्त ती अंगावर चढवतो. दगडूची अशी कुठलीच खूण नाही, त्यामुळं दगडू नटावर अवलंबून. ‘जाणता राजा’ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, बाबासाहेब पुरंदरे यांच्या त्या महानाट्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असत. मैदानात महाराजांचं काम करणारा नट बदलला तरी आवाज तोच येई. हत्ती-घोडे, मशाली आणि ठरलेला आवाज. नटानं फक्त ओठ आणि तलवार हलवायची. रिप्लेसमेंटचा प्रश्न त्यांनी असा मुळातूनच उपटून टाकला. (‘झपाटलेला’च्या तात्या विंचूचंही असंच. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, अंग बाहुल्याचं. १९९३ नंतर वीस वर्षांनी दुसरा भाग आला, लक्ष्मीकांत बेर्डे गेलेले, नायक पुढच्या पिढीचा. तो आवाज आला आणि सगळं जुळलं.)

आता एक अडचणीची गोष्ट. २०२२ च्या १८ फेब्रुवारीला ‘पावनखिंड’ लागला. ११ मार्चला ‘द काश्मीर फाइल्स’ लागला, त्यात चिन्मय मांडलेकर अतिरेक्याच्या भूमिकेत, आणि त्यांनी ते काम अंगावर काटा येईल असं केलंय. २२ एप्रिलला ‘शेर शिवराज’ लागला, मांडलेकर पुन्हा महाराज. दोन महिन्यांत तीन शुक्रवार. प्रेक्षकानं हे तिन्ही पचवले. एकाच चेहऱ्यावर मधे दुसरं भूत बसून गेलं तरी जिरेटोप चढला की मुजरा. प्रेक्षक एवढा शहाणा असतो. पण पुढं एप्रिल २०२४ मध्ये मुलाच्या नावावरून त्यांच्यावर आणि त्यांच्या घरच्यांवर समाजमाध्यमांवर गलिच्छ ट्रोलिंग झालं, आणि यापुढं महाराजांची भूमिका करणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. पडद्यावरच्या अतिरेक्यानं जे बिघडलं नव्हतं ते घरातल्या लेकराच्या नावानं बिघडलं. हे ट्रोलिंग करणारे प्रेक्षक होते असं मी मानत नाही. त्यांतल्या किती जणांनी पाच सिनेमे पैसे देऊन बघितले, याची मला शंका आहे.

मांडलेकर यांच्या महाराजांबद्दल माझं एक मत आहे. त्यांचे महाराज मोठ्यांदा बोलत नाहीत. ते ऐकतात. दुसरा बोलत असताना त्यांचे डोळे हिशेब करत असतात. लेखक-दिग्दर्शक असलेल्या नटाला हे साधतं. त्यांच्या जागी जो नट उभा राहतो, त्यानं हे ऐकणं उचलायचा प्रयत्न केला तर ती नक्कल होईल, आणि गर्जना केली तर महाराज एकाएकी तापट झाल्यासारखे वाटतील. त्यातून त्याला सोडवायला जिजाऊंसारखी ओळखीची नजर समोर हवी. मृणाल कुलकर्णींच्या जिजाऊ त्याच्याकडं पाच सिनेमांच्या हक्कानं बघतील तर पहिल्या दहा मिनिटांत काम होईल. तीही नजर नसेल, तर मग सगळा भार जिरेटोपावर.

महेश मांजरेकरांच्या दोन सिनेमांत हे अगदी उघडं दिसतं. २००९ चा ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ आणि २०२५ चा ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’. पहिल्यात मांजरेकर स्वतः महाराज, दुसऱ्यात सिद्धार्थ बोडके. पहिल्यात महाराज मुंबईत आपलं मराठीपण ओझ्यासारखं वाहणाऱ्या दिनकर भोसलेला, म्हणजे सचिन खेडेकरांना, भेटले. दुसऱ्यात ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या महाराष्ट्रात आले. वयानं मोठे, खर्जातल्या आवाजाचे मांजरेकर बाप खडसावतो तसे खडसावतात, आणि दिनकर भोसले नापास झालेल्या पोरासारखा त्यांच्यापुढं उभा राहतो. तरुण बोडके यांना ते खडसावणं शोभलं नसतं. त्यांच्या महाराजांचा राग राज्यकर्त्यांवरचा आहे, रयतेवरचा नाही. नट बदलला म्हणून रागाची दिशा बदलली, की विषय बदलला म्हणून नट बदलला? दोन्ही एकमेकांत इतकं गुंतलंय की सोडवता येत नाही. मुंबईतल्या नोकरदाराला ‘तूच नालायक झालास’ असं महाराज म्हणू शकतात. कापूस-सोयाबीनवाल्या आपल्या माणसाला तसं म्हणायची कुणाची छाती आहे? इथं महाराजांकडं बघणारी नजरच वेगळी, म्हणून महाराज वेगळे. मागितलं असतं तरी पहिल्या भागातले महाराज या गावात चालले नसते.

थोडं नाटकाकडं वळतो, कारण हे सभागृह त्याशिवाय सोडणार नाही. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० ला झाला. डॉ. श्रीराम लागू अप्पासाहेब बेलवलकर, शांता जोग त्यांची बायको कावेरी. पुढं दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. जुन्या रसिकांत आजही यावरून गट आहेत, आणि प्रत्येक गट भांडतो तो बेलवलकरांच्या आवाजावरून. कावेरीबद्दल कुणी भांडत नाही. मला वाटतं भांडायला हवं. अप्पासाहेब मोठे नट होते हे आपण कशावरून मानतो? त्यांची कारकीर्द आपण रंगमंचावर बघितलेलीच नसते. कावेरी त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघते त्यावरून मानतो. ती गेल्यावर अप्पा निराधार होतात ते फक्त नवरा म्हणून नाही; त्यांचा शेवटचा जाणकार प्रेक्षक गेलेला असतो. २०१६ च्या सिनेमात नाना पाटेकर बेलवलकर झाले. नानांचा बेलवलकर जास्त रांगडा, जास्त चिडका, त्याला कावेरीची शांत नजर पुरली नसती. सिनेमानं विक्रम गोखले यांच्या रामभाऊ या मित्राला भरपूर जागा दिली, ती मला म्हणूनच योग्य वाटते. तोडीस तोड नट समोर बसून ‘अरे तू काय होतास!’ अशा डोळ्यांनी बघतो, तेव्हा नाना बेलवलकर होतात. त्या दोघांचे प्रवेश काढून टाका, राहतो तो संतापलेला नाना पाटेकर.

शेवटी इथल्या पोरांसाठी दोन शब्द. तुम्ही राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटकं बसवता. दरवर्षी प्रयोगाच्या आठ दिवस आधी कुणाची तरी बदली होते, कुणाची परीक्षा येते, कुणाच्या घरी लग्न निघतं. तुम्ही घाईघाईनं एखाद्याला धरून आणता, त्याला कोपऱ्यात बसवून पाठांतर घेता, दिवसरात्र त्याच्याच तालमी. बाकीचे बाहेर चहा पीत उभे. मग प्रयोगात नवा नट एकही शब्द न चुकता बोलतो आणि तरी नाटक पडतं. परीक्षक लिहितात, ‘प्रमुख भूमिकेत पकड नाही.’ पकड सुटलेली असते ती चहा पिणाऱ्यांची. ते अजून जुन्या नटाच्या उंचीकडं बघून बोलत असतात. नवा चार बोटं बुटका आहे, तर त्यांची नजर त्याच्या डोक्यावरून मागच्या पडद्यावर जाते. पुढच्या वेळी असं करून बघा: नव्याला पाठांतराला घरी पाठवा, आणि दोन दिवस तालीम बाकीच्यांची घ्या. त्याच्या आईचं काम करणाऱ्या मुलीला आधी नव्या पोराकडं बघायला शिकवा. त्याच्या वाक्यांच्या आधी तिचं एखादं वाक्य टाका, लेखक रागावला तर मी निस्तरतो.

‘टाइमपास’चा चौथा भाग कधी निघालाच, आणि त्यात दगडू पन्नाशीचा दाखवायचा ठरला, तर प्रथमेश परबला घ्यायचं की प्रियदर्शन जाधवांना, यावर आत्ता समोरच्या रांगेत कुजबुज सुरू झालेली मला दिसतेय. मला विचाराल तर कुणालाही घ्या. वैभव मांगले यांच्या तारखा मात्र आधी ठरवा.